मधल्या बहूंचं खातं



२०२३ च्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या बीड जिल्ह्यात जो तो पणजोबा शोधत होता. त्या सप्टेंबरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातली निजामकाळातली जुनी दप्तरं उघडली गेली. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, उर्दू जाणणारे निवृत्त मास्तर तहसीलमध्ये दिसू लागले. आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या खापरपणजोबांची नोंद सापडली. त्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वाण्याचं बरं, तुमच्या घरातच कागद." त्यांना चहा देताना माझं लक्ष भिंतीवरच्या वंशावळीकडे गेलं.

ही वंशावळ आमच्या चुलत सासऱ्यांनी १९८४ साली सुबक अक्षरात काढून काच बसवून घेतलेली. मूळ गाव नागौरकडचं. तिथून आलेल्या पूर्वजाखाली तीन भाऊ. थोरला म्हणजे ह्यांचे पणजोबा. धाकट्याचा वंश पुण्याला. मधल्याच्या नावाखाली कंसात एकच शब्द, "निःसंतान". पुढे कोरा कागद. चाळीस वर्षं मी त्या काचेवरची धूळ पुसली, पण त्या मधल्या भावाला बायको होती का, हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या वंशावळीत बायका नाहीतच. मीसुद्धा नाही.

सासूबाई असताना एकदा म्हणाल्या होत्या, "एक मधली होती. लवकर गेली." बस, एवढंच.

मी कॉमर्सची पदवीधर. लग्नानंतर हिशेब लिहिला तो दूधवाल्याचा आणि किराण्याचा. पण खातं कसं वाचायचं हे विसरले नव्हते. माळवदाच्या जुन्या घरातून आणलेली वह्यांची ट्रंक पोटमाळ्यावर होती. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, काहींना वाळवी लागलेली. ह्यांचं म्हणणं होतं, रद्दीवालासुद्धा घेणार नाही. मी म्हटलं, मग मला द्या.

आधी एक गोष्ट सांगते. इतर समाजांत पूर्वजांचा शोध बऱ्याचदा दफनभूमीत सुरू होतो. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला, म्हणजे निजामाच्या काळातल्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. संस्थानात अशा ठिकाणी मेलेल्या गोऱ्यांच्या थडग्यांवर नाव, हुद्दा, पलटण, वय कोरलेलं असायचं. ओ. एस. क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने निजामाच्या राज्यातल्या अशा थडग्यांवरच्या लेखांची यादीच करून ठेवली, ती १९४१ साली हैदराबादला छापली गेली. लंडनमधल्या पणतूला घरबसल्या पणजोबा सापडू शकतो. मुसलमान शेजाऱ्यांचं कब्रस्तान आहे, लिंगायतांच्या समाध्या आहेत. दिगंबर परंपरेत व्रतस्थ होऊन देह ठेवणाऱ्यांच्या निषिधीचे दगड आहेत, श्रवणबेळगोळला ते दिसतात. आम्ही स्थानकवासी ओसवाल. देह अग्नीला दिला, राख गेली, तिसऱ्या दिवशी उठावणा झाला, संपलं. श्राद्ध नाही, पिंड नाही, म्हणून त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांतही आमचं नाव नाही. जीव पुढच्या गतीला गेला, मागे राहिलेल्या मातीला कशाला दगड लावायचा, हा विचार मला पटतोच. पण त्यामुळे आमच्यातलं माणूस किती लवकर पुसलं जातं हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

वह्या उघडल्या आणि पहिल्याच पानावर अडले. देवनागरी नव्हे, मोडीही नव्हे. ती महाजनी, म्हणजे मारवाडातल्या व्यापाऱ्यांची मुडिया लिपी. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी जवळजवळ नसतात. नगरला एक जुने मुनीमजी आहेत, वय अठ्ठ्याऐंशी, त्यांच्याकडे वह्या घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसत आधी तो प्रसिद्ध विनोद सांगितला. एका पेढीवर पत्र आलं, "काकाजी अजमेर गया." वाचणाऱ्याने वाचलं, "काकाजी आज मर गया." घरात रडारड सुरू झाली आणि आठ दिवसांनी काकाजी अजमेरहून परतले. म्हणाले, "बाईसा, या लिपीत कुणाला मारायचं आणि कुणाला गावाला पाठवायचं ते वाचणाऱ्याच्या हातात असतं. घाई करू नका."

घाई नाही केली. दर पंधरा दिवसांनी एसटीने नगर, असं आठ-नऊ महिने चाललं.

दुसरी अडचण तारखांची. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. वहीत मिती असते ती विक्रम संवताची. संवतातून सत्तावन्न वजा केले की इंग्रजी साल येतं, जानेवारीनंतरच्या महिन्यांना छप्पन्न. पण मारवाडात संवताचा आकडा चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात, आणि आमच्या वह्या तर दिवाळीला बदलत. त्यामुळे आषाढातली एकच मिती दोन वेगळ्या सालांत बसू शकते. वार लिहिलेला असेल तर पंचांगाशी ताडून खरं साल ठरतं. त्याहून मोठा घोळ महिन्याचा. आपल्या मराठी महिन्यात आधी शुद्ध आणि मग वद्य. मारवाडी महिन्यात आधी बदी, मग सुदी. म्हणून आपली आश्विन अमावास्या, ज्या रात्री महावीर स्वामींचं निर्वाण झालं आणि आपण दिवाळी करतो, ती मारवाडी वहीत काती बदी अमावस असते. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. हे लक्षात न घेता वाचलं तर माणूस महिनाभर उशिरा मरतं.

मधला भाऊ मिळाला संवत १९५७ च्या आषाढात. वार ताडून पाहिला, साल १९०० ठरलं. आदल्या वर्षी छप्पन्या पडला होता. संवत १९५६ चा म्हणून छप्पन्या, मारवाडात आणि दख्खनमध्ये एकाच वेळी पडलेला दुष्काळ. त्याच्या पाठोपाठ पटकीची साथ आली. वहीवरून दिसतं की मधला भाऊ मोमिनाबाद छावणीच्या बाजारात घोड्यांसाठी हरभरा पुरवण्याच्या कामावर होता. तिथून एक माणूस गावी आल्याची आणि त्याला भत्ता दिल्याची नोंद आहे. त्यानंतर तीन दिवस रोकड वही कोरी. मग उठावण्याचा खर्च, आणि पुढे मोसराचा, म्हणजे न्यातीला घातलेल्या जेवणाचा. आकडा मोठा आहे. दुष्काळाच्या वर्षात!

आणि लगेच खातेवहीत एक नवं पान उघडलं आहे. वर नाव आहे, "मधल्या बहूंचं खातं". तिचं नाव नाही.

हे पान मी किती वेळा वाचलं असेल. डाव्या बाजूला जमा, उजवीकडे नावे. पहिली जमा रक्कम दागिने मोडून आलेली. विधवा झाल्यावर अंगावरचं सोनं-चांदी उतरवलं, ते विकलं आणि पैसे पेढीत तिच्या नावे ठेवले. पहिली नावे रक्कम कोणती असावी? नवऱ्याच्या मोसराचा निम्मा खर्च. तिच्या दागिन्यांतून.

मुनीमजींनी वाचून दाखवलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, "रीत होती." मी काही बोलले नाही. चहा घेतला आणि एसटी पकडली.

व्याजाचा दर आठ आणे शेकडा दरमहा, म्हणजे वर्षाला सहा टक्के. दर दिवाळीला व्याज मुद्दलात मिळवलेलं. त्याच वहीत शेतकऱ्यांना दिलेल्या रकमांवर दीड आणि दोन रुपये शेकडा लावलेत. तिच्या पैशावर अठरा ते चोवीस टक्के मिळवून तिला सहा द्यायचे. पेढीच्या दृष्टीने उत्तम ठेव.

शेतकऱ्यांच्या खात्यांबद्दल लिहायचं नव्हतं, पण न लिहिणं बरोबर होणार नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, लोण नगर जिल्ह्यात पसरलं, आणि जागोजाग मारवाडी-गुजर सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, कारण कागदानेच त्यांची जमीन जात होती. मग इंग्रजांनी १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आणला. आमच्या घरात सांगतात की आपले लोक नगरकडून सरहद्द ओलांडून मोगलाईत आले ते "व्यापारासाठी". मला आता वाटतं, धाकही असावा. निजामाच्या हद्दीत सावकारी कायदा यायला फसली १३४९, म्हणजे १९३९-४० उजाडलं. तोवर आमच्या वह्यांमध्ये बांधाबांधाने जमिनी आल्या आहेत. ज्या वहीत मी एका बाईला शोधत होते तिच्या पुढच्या-मागच्या पानांवर ज्यांचं शेत गेलं अशी माणसं आहेत, आणि त्यांतल्या काहींची आडनावं आजही आमच्या गल्लीत राहतात.

परत मधल्या बहूंकडे येते. अठरा वर्षांत नावे बाजूला फार थोड्या रकमा आहेत. वर्षाला दोन पांढरी लुगडी. पर्युषणात प्रभावनेचे नारळ. दुष्काळी वर्षात गुरांचा चारा. एका वर्षी आखातीजेच्या सुमाराला ऊस आणि स्थानकात वाटलेले पतासे. मैत्रिणींनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. वर्षीतपाचं पारणं ऊसाच्या रसाने होतं. म्हणजे वर्षभर एकाआड एक उपवास तिने केले असावेत, आणि पारण्याचा खर्चही स्वतःच्याच खात्यातून.

एक नोंद मात्र मला झोपू देईना. "पाटी १, पेन्सिली." घरातल्या मुलांच्या पाट्या घरखर्चात पडत, ही तिच्या खात्यावर पडली आहे. तेव्हा ती पंचविशीच्या आसपास असेल. कुणाकडून शिकली, किती शिकली? पुढच्या वर्षी परत एक पाटी आहे. पहिली फुटली असणार.

तिचा मृत्यू मला शब्दांत सापडला नाही. कोतवाल बुकाच्या आशेने तहसीलमध्येही जाऊन आले, पण आमच्या गावची त्या सालांची बुकं त्या गठ्ठ्यांत नव्हती. शेवटी तो सापडला लाकडांत. संवत १९७५, काती बदी दसम, रोकड वही: लाकडं, गोवऱ्या, तूप, कोरं कापड, नारळ, गाडीभाडं. एकूण सहा रुपये आणि काही आणे, मधल्या बहूंच्या खात्यावर नावे. मराठी पंचांगाने आश्विन वद्य, इंग्रजीने ऑक्टोबर १९१८ चा शेवट. त्या पंधरवड्यात लाकडांच्या चार नोंदी आहेत. पाऊस दगा देऊन गेलेला आणि वर इन्फ्लुएंझा. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. आमच्या घरची ही चार त्यांतली. थोरल्या पणजीही त्याच पंधरवड्यात गेल्या. त्यांच्या नावाची पाणपोई गावात अजून आहे. मधलीच्या मागे मोसर नाही, पाणपोई नाही. आमच्याकडे दगड नसतो म्हणाले ना, ही लाकडांची नोंदच तिचं थडगं.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित लिहिलंही नसतं. पण मी हिशेब पुढे बघितला. खातं बंद होताना शिल्लक सहाशे तीस रुपये हाली. ती रक्कम धर्मादा खात्यात वळवली. अगदी बरोबर, निपुत्रिक बाईचा पैसा धर्मकार्याला. मला बरं वाटलं. ते दोन दिवाळ्या टिकलं. संवत १९७७ च्या दिवाळीला, म्हणजे नोव्हेंबर १९२० ला, वही बदलताना धर्मादा खात्यातले तिचे सहाशे तीस "दुकान खाते" जमा झाले आहेत. कारण लिहिलेलं नाही. धर्मादा शून्य.

आणि आमच्याकडे घराचं खरेदीखत आहे, उर्दूतलं. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ते वाचून दिलं. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात सुरू होई, महिने इराणी नावांचे, आजर, दै, बहमन असे. साल काढताना ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. आमचं खत दै महिन्यातलं, फसली १३३०. नोव्हेंबर-डिसेंबर १९२०. मी ज्या घरात सून म्हणून आले, जिथे दोन्ही मुलांचे पाळणे झाले, त्या घराची ही जागा.

सहाशे तीस रुपयांत सगळी जागा आली असं नाही, किंमत जास्त होती. पण तिचे पैसे यात आहेत. धर्माला दिलेले पैसे घरात वापरू नयेत हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी ह्यांच्यापुढे कागद ठेवले. ह्यांनी तीनदा बघितले. धाकट्या भाऊजींना पुण्याहून बोलावलं. ते सीए आहेत, त्यांना वाटलं वहिनींनी काहीतरी चुकीचं जोडलं असेल. त्यांनीही दोन तास बेरजा तपासल्या. मग म्हणाले, "ठीक आहे वहिनी, देऊन टाकू. हालीचे कलदार किती?" सरकारी दर सात हालीला सहा कलदार. म्हणजे पाचशे चाळीस. "सहा टक्क्यांनी एकशे चार वर्षं. तीन हजार नऊशे दहा रुपये होतात. चार हजार देऊ."

मी म्हटलं, "हे सरळ व्याज झालं. तिच्या खात्यात दर दिवाळीला व्याज मुद्दलात मिळवलंय. पेढीची रीत चक्रवाढीची आहे. मोसराला रीत होती म्हणता, मग व्याजालाही रीत लावा."

चक्रवाढीने दोन लाख एकतीस हजार तीनशेच्या वर जातात. भाऊजींनी मोबाईलवर आकडेमोड केली, परत केली आणि हसले. जाऊबाई म्हणाल्या, हाली रुपया तर बंद होऊनही सत्तरएक वर्षं झाली. ह्यांनी विचारलं, "रुपया बंद झाला म्हणून घर बंद झालं का?" हे सहसा बोलत नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

नावाचं काय झालं ते राहिलं. आमच्या कुळाचे भाट राजस्थानातून पूर्वी दर चार-पाच वर्षांनी येत, वही वाचून दाखवत, नवीन जन्म-लग्नं लिहून घेत आणि सीख घेऊन जात. हल्ली येणं तुटलंय. गेल्या वर्षी नगरला एका लग्नासाठी त्यांचा नातू आला होता, त्याला घरी बोलावून जेवू घातलं. त्याने वही उलगडली आणि मधल्या भावाच्या नावाखाली सरळ वाचलं: बहू अमुक, बेटी अमक्यांची, गोत्र अमुक, गाव अमुक. आमच्या वंशावळीत, आमच्या पेढीच्या वहीत जे नाव नव्हतं ते नागौरकडच्या एका माणसाच्या पिशवीत शंभर वर्षं होतं. फुलाचं नाव आहे. ते इथे लिहीत नाही, कारण घरातल्या मोठ्यांनी बजावलंय की पैशाची गोष्ट सांगायची तर नाव-गाव नको. त्यांचं म्हणणं मी मानलं, पण मनापासून नाही.

२०२४ च्या दिवाळीला वहीपूजन झाल्यावर ह्यांनी नव्या वहीत एक पान उघडलं. वर तिचं पूर्ण नाव लिहिलं, देवनागरीत. डावीकडे जमा, रुपये २,३१,३२०. हे देणं आहे. कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही. ह्यांना गोशाळा वाटते, भाऊजींना स्थानकाची दुरुस्ती. मी म्हणते पाट्या घ्या. या दिवाळीपर्यंत ठरलं नाही तर आणखी सहा टक्के चढतील, ते मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.